ढग उठला

मराठीत 'उठणे'इतकं दगाबाज क्रियापद दुसरं नाही. चौतीस वर्षं मी लोणावळ्याच्या शाळेत हीच भाषा शिकवली, तेव्हा एवढं म्हणायचा मला अधिकार आहे. वादळ उठलं म्हणजे ते आलं. बाजार उठला म्हणजे तो गेला. अंगावर पित्त उठतं तेव्हा ते येतं आणि पंगत उठते तेव्हा ती जाते. फळ्यावर मी दोन रकाने करायचे, 'आला' आणि 'गेला', आणि पोरांना एकेक शब्द त्यात बसवायला लावायचे. पोरं खूष असायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "बाई, ढग उठला म्हणजे आला का गेला?" मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, तास संपला. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

मी सांगतेय ते पन्नास सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. घरात आम्ही तिघं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी. आईवडील लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं, ट्रेनिंग कॉलेजात घातलं ते दादानं. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मी त्याला कधी उलट बोलले नाही असं नाही, मी कुणालाही उलट बोलते, पण त्याच्याशी खोटं कधी बोलले नव्हते. एकदाच बोलले. ते सांगायलाच बसले आहे.

लढाईच्या काळात दादा वायरलेस शिकला. लढाई संपली तेव्हा लष्करानं टाकून दिलेली डाकोटा विमानं जुन्या बाजारातल्या भांड्यांसारखी विकायला निघाली होती, आणि सरकार मागेल त्याला विमान उडवायचा परवाना देत होतं. कुणीही उठावं आणि कंपनी काढावी. (बघा, पुन्हा तोच शब्द.) अशाच एका कंपनीत दादा रेडिओ ऑफिसर म्हणून लागला. दोन विमानं, अकरा माणसं आणि एक शेठ. शेठ मूळचे कापडाचे, विमानाच्या पोटात काय असतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणूस दिलदार. सकाळी मुंबईहून पुणे आणि पुढे बेळगाव, संध्याकाळी परत. नाव रेडिओ ऑफिसर असलं तरी दादा सामान तोलायचा, म्हाताऱ्यांना जिना चढवायचा, कानात घालायला कापूस वाटायचा आणि लिमलेटच्या गोळ्यांची बशी फिरवायचा. आठवडाभर तो मुंबईला राही, शनिवारी गाडीनं घरी येई. खिशात उरलेल्या गोळ्या असायच्या. मी बावीस वर्षांची घोडी, तरी त्या गोळ्यांची वाट बघायचे.

"बघशील तू," तो म्हणायचा, "एक दिवस कऱ्हाडला विमान थांबेल, सांगलीला थांबेल. जिथं मैदान तिथं विमान. पाटी लावून, एसटीसारखं. शेतकरी गुळाची ढेप घेऊन चढेल."

"आणि ढेकर देऊन उतरेल," वहिनी म्हणायची. दादा हसायचा. तेव्हा तो फार हसायचा.

पण आकाशात गर्दी झाली होती. मुंबई-पुणे या टीचभर अंतरावर आणखी दोन कंपन्या घिरट्या घालत होत्या. एकानं भाडं उतरवलं की दुसरा उतरवायचा, मग आमच्या शेठना झक मारत उतरवावं लागायचं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. दादा म्हणायचा, आपल्या स्टेशनवरच्या टांग्यांसारखं झालंय. गाडीतून उतारू उतरतात चार, टांगे उभे वीस. घोडा मात्र रोज खातो, उतारू मिळो न मिळो. विमानही उभ्या उभ्या खातं गं.

यातून सुटायची एकच वाट होती, टपाल. टपालाच्या पिशव्यांचं काम ज्याला मिळेल तो तरेल. "प्रवासी आज असतो, उद्या नसतो," दादा म्हणायचा, "पत्रं मात्र माणसं रोज लिहितात." त्या साली आमच्या कंपनीला पिशव्या मिळाल्या, पण बोलीवर. पावसाळाभर त्या वेळेवर पोचवून दाखवायच्या. जमलं तर पुढे काम पक्कं, नाही तर दुसरा आहेच टपलेला. बेळगावचं टपाल एक दिवस अडलं तर चालेल, पण दुसऱ्याचं विमान गेलं आणि तुमचं गेलं नाही, असं एकदाही होता कामा नये.

आता पावसाळ्यात घाटाचं काय होतं ते लोणावळेकरांना सांगायला नको. मुंबईला लख्ख असतं, पुण्याला ऊन असतं, आणि मधे खंडाळ्याच्या तोंडावर ढग असा बसतो की स्वतःचा हात दिसत नाही. ते ठरवायला मुंबईत बसून काही उपयोग नाही. दादानं शेठना सांगितलं, माझी बहीण आहे तिथं, ती रोज सांगेल. आमच्या घराच्या खालीच एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्यांच्याकडे फोन होता. रोज सकाळी साडेसहाला मुंबईच्या कचेरीतून तिथं ट्रंक कॉल यायचा. डॉक्टर मला किल्ली देऊन ठेवायचे.

दादानं मला समोर बसवून बजावलं होतं. "तुला सवय आहे पाल्हाळाची. धुकं कसं पसरलंय, डोंगर कसे न्हालेत, असलं काही नको. दोनच शब्द. घाट दिसत असेल तर 'मोकळा', नसेल तर 'बंद'. तिसरा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आणि नमस्कार?"

"नमस्कारही नको."

पण बाजारातून काही घाटाचा कडा दिसत नाही. तो बघायचे आबा. आबा वलवणचे, साठीचे, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करायचे. पावसाळ्यात भल्या पहाटे उठून ते कुणे गावाच्या बाजूला पार कड्यापर्यंत जायचे, ओला चारा कापायचे आणि टांग्याच्या घोड्यांसाठी बाजारात विकायला आणायचे. टांग्यांचा अड्डा दवाखान्यासमोरच. डोक्यावर भारा, वर गोणपाटाची खोळ, आणि दवाखान्याच्या पायरीशी आले की मला त्यांच्या भाषेत घाटाची हकीकत. "ढग लोळतुया." "ढग बसलाय निवांत, आज काय हलत न्हाई." "खालचं कोकण दिसतंय बगा ताई, पार नदीपातुर." मी ते ऐकायचे, त्याचं 'मोकळा' किंवा 'बंद' करायचे आणि फोनची वाट बघायचे.

फोनच्या पलीकडे एक कारकून असायचे. चाळिशीचे, मालवणकडचे. आधी बोटीच्या कंपनीत होते, किनाऱ्यावरच्या बोटींवर वीस वर्षं काढलेली. चार मुलींचे बाप. हे सगळं मला दादानं सांगितलेलं. मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. आवाज मात्र रोज.

"लोणावळा?"

"लोणावळा."

"घाट?"

"मोकळा."

"आभारी आहे, ताई." आणि फोन ठेवायचे. रोज तेवढंच. एका शनिवारी मी दादाबरोबर त्यांच्या मुलींसाठी चिक्की पाठवली. सोमवारी सकाळी "आभारी आहे" म्हटल्यावर ते फोन न ठेवता म्हणाले, "धाकटीचा दात पडला, ताई." मी रिसीव्हर धरून एकटीच हसत बसले.

विमान साधारण आठच्या आधी डोक्यावरून जायचं. ढग उंच असले की दिसायचं, नाही तर नुसती घरघर. वहिनी परसात दोरीवर तांबडी चादर टाकायची, दादाला वरून दिसावी म्हणून. भर पावसात टाकायची. शेजारणी म्हणायच्या, हिला वेड लागलंय. दादा घरी आला की सांगायचा, "दिसते हो तुझी चादर." तेवढ्या उंचीवरून काय दिसणार, कपाळ! पण वहिनी लाजायची.

श्रावणाच्या तोंडाशी ढग आला आणि चार दिवस हलला नाही. मंगळवार बंद, बुधवार बंद, गुरुवार बंद. तिन्ही कंपन्यांची विमानं जमिनीवर, म्हणून निभावलं. शुक्रवारीही बंद. वहिनीनं गणपती पाण्यात घालून ठेवले होते. शनिवारी पहाटे मी साडेपाचपासून दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. पाऊस थांबला होता, पण बाजारातून काही कळेना. साडेसहा व्हायला आले तरी आबांचा पत्ता नाही. आत फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला. "लोणावळा?" "लोणावळा. थांबा हं, थांबा एक मिनिट," असं मी म्हणते आहे तेवढ्यात रस्त्याच्या कोपऱ्यावरून आबांची आरोळी आली. म्हातारा भाऱ्यासकट पळत होता.

"ताई! ढग उठला! समदा उठला वो!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. चार दिवसांनी! मी फोनमध्ये ओरडले, "उठला! ढग उठला हो! सगळा उठला!"

पलीकडून खरखर. मग त्यांचा आवाज, तुटक, "...मोकळा की बंद, ताई?"

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. ऐकू आला होता. मला वाटलं, अरे देवा, एवढं ओरडून सांगितलं तरी यांचं आपलं मोकळा की बंद. मी "हो, हो!" म्हटलं आणि फोन ठेवला. मला घरी जाऊन वहिनीला सांगायचं होतं. चादर टाकायची होती.

आठ वाजता घरघर ऐकू आली. आम्ही दोघी परसात. आकाश इतकं धुतलेलं की विमान अगदी स्वच्छ दिसलं. वहिनी चादर दोन्ही हातांनी उंच धरून नाचवत होती, मी ओरडत होते, "दादा! ए दादा!" ते आमच्या डोक्यावरून पुण्याकडे गेलं. त्याच्या शेपटीवर निळा पट्टा होता. आमच्या कंपनीचा पट्टा हिरवा. वहिनीच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी म्हटलं, आपलं मागून येत असेल. बारा वाजेपर्यंत मी परसातच होते.

काय झालं ते पुढे कळलं. मुंबईच्या कारकुनांनी आयुष्य समुद्रावर काढलेलं. त्यांच्याकडे क्षितिजावर ढग उठला म्हणजे तुफान आलं, दोर सोडू नका, बोट बाहेर काढू नका. त्यात मी ओरडत होते. माझा आनंद त्यांना तारेतून घाबरल्यासारखा ऐकू गेला असणार. त्यांनी परत फोन लावायचा प्रयत्न केला, लाइन मिळाली नाही. विमानतळावर दादा पिशव्या चढवून तयार होता. निरोप गेला, लोणावळा बंद. निळ्या पट्ट्याच्या कंपनीला लोणावळ्यात कुणी बहीण नव्हती. त्यांच्या वैमानिकानं नशिबावर हवाला ठेवला आणि तो गेला. तासाभरानं आमच्या विमानातल्या पिशव्या उतरवून त्यांच्या दुसऱ्या विमानात चढवल्या. दादानं स्वतःच्या हातानं उतरवून दिल्या.

आबांचं काय चुकलं होतं? त्यांच्या भाषेत घाटात ढग बसतो आणि मग उठून जातो, माणूस पायरीवर बसतो आणि उठून जातो तसा. ते बरोबर. समुद्रावरचे ते गृहस्थही बरोबर. दोघांच्या मधे मी होते, मराठीची शिक्षिका, आणि माझं काम फक्त एवढंच होतं की एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानात जाऊ द्यायचा नाही.

दादा त्या संध्याकाळी घरी आला. बूट न काढताच उभा राहिला. इतका पांढरा पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"तू काय सांगितलंस?"

वहिनी ओट्यापाशी. मी ताट पुसत होते. एवढंच म्हणायचं होतं की दादा, मी चुकले. तो रागावला असता, एक दिवस बोलला नसता, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर टपली मारून म्हणाला असता, शहाणी आहेस. मला त्याचा स्वभाव ठाऊक नव्हता का? पण दोन शब्द सांगितले होते त्यानं. दोन. तेवढेसुद्धा मला जमले नाहीत, हे त्याच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. भीती नव्हे, लाज.

"मोकळा," मी म्हटलं.

"नक्की? ते म्हणतात, 'उठला' म्हणाल्या."

"दादा, मी लहान आहे का? दोन शब्द सांगता येत नाहीत का मला?" वर मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दादानं मान हलवली आणि बूट काढायला बसला.

सोमवारी कचेरीत तो त्या कारकुनांवर सगळ्यांसमोर तुटून पडला. ते आपले पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ताई 'उठला' म्हणाल्या, मी विचारलं तर 'हो' म्हणाल्या. दादा म्हणाला, "माझी बहीण शाळेत पोरांना शिकवते. ती खोटं बोलणार नाही." यावर ते आपल्या टेबलाशी परत गेले म्हणे. शेठनी त्याच दिवशी हिशेब करून त्यांना काढून टाकलं. हे दादानंच मला सांगितलं, पुढच्या शनिवारी, जेवताना. मी भात कालवत होते, कालवतच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे वाक्य मी पुढे किती मुलांना वहीत लिहायला दिलं असेल, आणि प्रत्येक वही तपासताना...जाऊ दे.

आबा मात्र त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी विचारत आले होते. "ताई, आपलं इमान गेलं का न्हाई मग काल?" मी म्हटलं, नाही गेलं. फोनवर काय बोलले तेही सांगितलं, त्यांना सांगायला मला लाज वाटली नाही. म्हाताऱ्यानं डोक्यावरची खोळ काढली. मग म्हणाला, "म्या सांगू का दादास्नी? म्हनावं, तसलं बोलनं माजं व्हतं, पोरीचं न्हवं. मला काय बोलतील ते बोलूद्यात."

"आबा, तुम्ही काही सांगायचं नाही," मी म्हटलं. हे मी दरडावून म्हटलं, आज्ञा केल्यासारखं.

"ऱ्हायलं," आबा म्हणाले. त्या दिवसापासून ते चारा स्टेशनच्या अड्ड्यावर नेऊ लागले.

दिवाळीच्या आत सगळं संपलं. टपाल गेलं, आता नुसत्या रिकाम्या खुर्च्या कशा परवडणार? आधी एक विमान उभं राहिलं, त्याचे भाग काढून दुसरं उडवलं, मग तेही उभं राहिलं. शेवटच्या शनिवारी दादा आला तेव्हा त्याच्या खिशात गोळ्यांची अख्खी पिशवी होती, कागदी, न फोडलेली. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "कंपनी उठली."

हाच शब्द त्यानं वापरला. त्याच्या मनात काही नव्हतं, दुकान उठलं म्हणतात तसं म्हणाला. मी ती पिशवी घेऊन आत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. वहिनीला वाटलं, भावासाठी रडते आहे.

आणि ऐका, दैव कसं थट्टा करतं ते. पुढे आठेक महिन्यांत सरकारनं सगळ्या खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. ज्या कंपन्या तोवर तग धरून होत्या त्यांची माणसंही सरकारात गेली. वैमानिक, कारकून, सामान तोलणारे, सगळे. निळ्या पट्ट्यावाल्यांचा रेडिओ ऑफिसर, दादाच्याच बरोबरीचा, पुढे पेन्शनीत निघाला. दादा दिल्लीपर्यंत अर्ज करत राहिला. उत्तर यायचं, चालू कंपनीतल्या माणसांसाठीच सोय आहे. आठ महिने. आठ महिने दम निघाला असता तर!

दादा लोणावळ्याला परत आला आणि वलवणच्या धरणावर पाऊस मोजायच्या नोकरीला लागला. रोज सकाळी नळीत किती पाणी साठलं ते बघायचं आणि लिहायचं. अठरा वर्षं त्यानं ते केलं. ज्या ढगाच्या वरून तो जायचा त्याच ढगाचं पाणी इंचात मोजत बसला. तक्रार नाही केली. विमान गेलं की वर न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचा, हे कुठलं, किती उशिरा चाललंय. वहिनीनं चादर टाकायची सोडली, आणि पुढे ती चादर फाडून तिनं पायपुसणी केली. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, पण खरं सांगायचं तर या घरातून निघून जायचा मला हक्क आहे असंही कधी वाटलं नाही.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा धरणाच्या भिंतीवर त्याला डबा द्यायला गेले होते. म्हटलं, दादा, ते कारकून होते ना तुमच्याकडे... त्याचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं असेल आता. तो म्हणाला, "असेल."

सत्तर सालानंतर दादाची छाती गेली. उठवेना, चार पावलांत धाप. पश्चिमेच्या खिडकीशी त्याची खाट टाकली होती. वहिनी त्याच्या आधीच दोन वर्षं गेलेली. एका सकाळी मला म्हणाला, "कागद घे. एक पत्र लिहायचंय, माझा हात थरथरतो."

त्या कारकुनांना लिहायचंय म्हणाला, तेव्हा मी पेन शोधायच्या निमित्तानं आत जाऊन आले.

त्यानं सावकाश सांगितलं, मी लिहिलं. "तुमच्यावर मी चारचौघांत ओरडलो. त्या दिवसानं कंपनी बुडाली असं मला तेव्हा वाटलं. पुढे विचार केला तेव्हा कळलं, आम्ही बुडणारच होतो. एका रस्त्यावर वीस टांगे होते. त्या दिवशी नाही तर पुढच्या महिन्यात बुडालो असतो. ते कुणाच्या शब्दानं झालं नाही. पण तुमची भाकरी मात्र माझ्या शब्दानं गेली. चार मुली होत्या तुम्हाला. एवढी वर्षं लिहिलं नाही याची क्षमा असावी."

म्हणजे वीस वर्षं तो माझं पाप स्वतःचं म्हणून वागवत होता. आणि मी खाली मान घालून शुद्धलेखन सांभाळत होते. तेव्हाही बोलले नाही. पत्ता मालवणचा, त्याच्या जुन्या वहीतला. मी ते पोस्टात टाकलं.

तीन आठवडे तो रोज विचारायचा, आलं का काही? मग आलं. त्याचंच पत्र परत आलं. पाकिटावर तिकडच्या पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "सदर इसम मयत."

मी दारातच बसले. दादानं आतून विचारलं, "पोस्टमन होता का?"

"हो."

"त्यांचं?"

"हो," मी म्हटलं. "त्यांचं आलंय."

"वाच की मग."

मी आत गेले. त्याच्या उशाशी बसले, पाकीट फोडलं, माझ्याच अक्षरातला कागद उघडून समोर धरला आणि वाचू लागले. वाचलं की, तुमचं पत्र पावलं, बरं वाटलं. मुली चौघी सुखात आहेत. माझ्या मनात राग नाही. मग माझं थांबणं त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो म्हणाला, "पुढे?" मी वाचलं, "फक्त एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं वाटतं. ताईंनी त्या दिवशी 'मोकळा' म्हटलं नव्हतं. 'ढग उठला' म्हणाल्या होत्या. मी विचारलं तर नीट उत्तर न देता फोन ठेवला. नंतर त्या खोटं बोलल्या. त्या तेव्हा लहान होत्या, तुमच्या नजरेतून उतरायची त्यांना लाज वाटली असेल. त्यांना या गोष्टीचं फार दुःख आहे."

कागदावरून माझी नजर वर जाईना. बाहेर पत्र्यावर पावसाचं पाणी वाजत होतं.

"तेवढं पुन्हा वाच," दादा म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. शब्दाला शब्द तेच.

"चष्मा दे," तो म्हणाला. "पाकीट बघू."

नाही कशी म्हणणार? मी दिलं. त्यानं चष्मा लावला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पेन्सिलीची अक्षरं त्यानं बोट फिरवून वाचली. मग कागद पाकिटात नीट घालून ते उशीखाली सारलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता काही तरी बोलेल. शिवी देईल. हात वर करेल.

"अक्षर अगदी तुझ्यासारखं आहे त्यांचं," तो म्हणाला.

मी त्याचे पाय धरले. थंडगार होते. मी काही बोलणार तोच त्यानं हातानं थांबवलं आणि खिडकीकडे बोट केलं.

"घाट कसा आहे?"

वीस वर्षांत त्यानं मला हे विचारलं नव्हतं. खिडकीतून ढग बघून अंदाजानं सांगता आलं असतं, पण मी छत्री घेतली, बाहेर गेले, रस्ता ओलांडून बाजाराबाहेरच्या उंचवट्यावर चढले आणि तिथून खंडाळ्याच्या बाजूला पाहिलं. नीट पाहिलं. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बंद," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. "आता बरोबर सांगितलंस." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. रोज सकाळी साडेसहाला एवढंच विचारायचा, दुसरं माझ्याशी काही बोलला नाही. मी रोज बाहेर जाऊन बघून यायचे आणि दोहोंपैकी एक शब्द सांगायचे.